शाळेतल्या मुलांकडे समाजकामाचं नेतृत्व खरंच कसं सोपवायचं: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

शाळेतल्या मुलांना घेऊन काहीतरी सामाजिक काम करावं असं वाटणारे बरेच जण असतात. कुणी शिक्षक, कुणी कॉलेजात शिकणारे व्हॉलंटियर, कुणी रिटायर झालेले, आणि बहुतेकांची सुरुवात साधारण एकसारखीच होते. मोठी माणसं विषय ठरवतात, तारीख ठरवतात, बॅनर छापून आणतात आणि मुलं रांगेत उभी राहून घोषणा देतात. फोटो चांगले येतात. पण दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलीला विचारा की हाच विषय का घेतला, उत्तर येतं, "सरांनी सांगितलं म्हणून."

मुलांनी मेहनत केली नाही असं नाही हो, पण एकही निर्णय त्यांनी घेतला नाही. नेतृत्व कुठून येतं, तर काय करायचं हे ठरवण्यातून, ते चार जणांना पटवण्यातून आणि ठरवलेलं फसलं तर पुढचं निस्तरण्यातून. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीवर मी एकच गोष्ट बघायला सांगणार आहे: इथे निर्णय कुणी घेतला?

हे माझ्या एकट्याचं मत नाही. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं बोलवणं, आणि या तिन्हींना त्याने सहभाग मानलंच नाही. वरचं सगळं खरा सहभाग, अगदी "काम मोठ्यांनी दिलं पण का करायचं ते मुलांना नीट माहीत आहे" हेसुद्धा. नवीन माणसाने एकदम सगळ्यात वरच्या पायरीवर उडी मारायची गरज नाही, पण खालच्या तिनांवर थांबायचं नाही एवढं पक्कं ठरवा.

आधी स्वतःशी ठरवा: काय सोडणार, काय नाही

मुलांना भेटायच्या आधी एक कागद घ्या आणि दोन याद्या करा. एका यादीत असे निर्णय जे पूर्णपणे मुलांचे, म्हणजे विषय कोणता, मीटिंग कोण चालवणार, कुणाला भेटायचं, पैसे कशावर खर्च करायचे वगैरे. दुसऱ्या यादीत असे निर्णय जे तुम्ही सोडणार नाही: सुरक्षितता, पालकांची परवानगी, संध्याकाळी किती वाजता घरी जायचं, कुणाचा अपमान किंवा छळ होणार नाही याची काळजी. ही दुसरी यादी छोटी ठेवा आणि पहिल्याच दिवशी मुलांना वाचून दाखवा. मुलांना मर्यादा असण्याचं फार वाईट वाटत नाही, मर्यादा ऐन वेळी बाहेर निघाल्या की वाटतं. "तुम्हीच ठरवा" म्हणायचं आणि त्यांनी ठरवलं की "हे नको, दुसरं घ्या" म्हणायचं, असं एकदा झालं की तो ग्रुप संपला समजा, कारण मुलं शरीराने येतात पण डोकं घरी ठेवून येतात.

मुख्याध्यापकांशी बोलताना पण हे स्पष्ट सांगा. मुलं निवडतील तो विषय कदाचित शाळेबद्दलचाच असेल, टॉयलेटमध्ये पाणी नाही, लायब्ररी कायम बंद, असलं काही. तेव्हा चालेल का? हे आधी विचारलेलं बरं. आणि जिथे उत्तर "नाही" आहे तिथे मुलांना ते खरं खरं सांगायचं.

मुलांच्या बोलण्याला महत्त्व द्यायचं हा आपला मोठेपणा नाही, हे पण लक्षात असू द्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या कलम १२ मध्ये मुलांशी संबंधित बाबतीत त्यांना मत मांडायचा आणि त्या मताला त्यांच्या वय-समजेनुसार वजन मिळायचा हक्क दिलाय, कलम १५ मध्ये एकत्र यायचा. मुख्याध्यापक किंवा पालक कुरकुरले तर हे शांतपणे सांगता येतं.

ग्रुप जमवताना टॉपर गोळा करू नका

शाळेत जाऊन "लीडरशिपसाठी मुलं द्या" म्हटलं की वर्गाचे मॉनिटर, वक्तृत्ववाली मुलं आणि पहिले पाच नंबर समोर येतात. चांगली असतात ती, पण त्यांना आधीच संधी मिळालेली असते. वर्गात खुलं आमंत्रण द्या, कुणालाही येऊ द्या, आणि मग मुद्दाम जाऊन जी मुलं येत नाहीत त्यांना विचारा. मागच्या बाकावरची, ज्यांना सारखं ओरडा बसतो ती, घरचं काम करून शाळेत येणारी, अपंग मुलं, त्या भागात नवीन आलेली. ज्या मुलाचं ऐकून वर्गातली बाकीची पोरं दंगा करतात, तो आधीच नेता आहे, फक्त त्याला अजून कुणी चांगलं काम दिलेलं नाही. हे मी अगदी मनापासून सांगतोय, अशा मुलांनी जीव ओतून काम केलेलं मी बघितलंय.

दहा-पंधरा जण पुरेत. त्याहून जास्त आले तर परत पाठवू नका, छोट्या टीम करा. मोठ्या परीक्षेच्या वर्षातली मुलं वेळ देऊ शकत नाहीत, म्हणून मधल्या इयत्तांपासून सुरुवात करा आणि परीक्षेवाल्यांना सल्लागार म्हणून ठेवा. मुली आणि मुलगे दोन्ही असतील तर मीटिंगची वेळ मुलींच्या घरच्यांना चालेल अशी आधी बघा, नाहीतर आठवड्याभरात ग्रुपमध्ये फक्त मुलगे उरतात आणि कुणाच्या लक्षातपण येत नाही.

पहिल्या दोन-तीन भेटी: विषयाचं नाव काढायचं नाही

नवीन माणसाला इथे घाई होते. पहिल्याच दिवशी "सांगा, काय प्रॉब्लेम सोडवूया?" विचारलं की मुलं तीच उत्तरं देतात जी त्यांना निबंधात मार्क मिळवून देतात, प्रदूषण, व्यसनमुक्ती, झाडे लावा. त्यांना खरं काय टोचतंय ते बाहेर यायला वेळ लागतो.

तोपर्यंत एकमेकांच्या गोष्टी ऐकायच्या. हार्वर्डमध्ये शिकवणारे मार्शल गान्झ हे आधी शेतमजुरांच्या संघटनेत अनेक वर्षं काम केलेले, त्यांची एक पद्धत इथे खूप कामाला येते. माणूस कृतीला तयार होतो तो तीन गोष्टींमधून: माझी गोष्ट, आपली गोष्ट आणि आत्ताची गोष्ट. मुलांना सांगा, अशी एक वेळ आठव जेव्हा तुला वाटलं की हे बरोबर नाही. कुठे होतास, काय झालं, तू काय केलंस किंवा का नाही केलंस. दोन मिनिटं बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. जोड्या करून घ्या, सगळ्यांसमोर नको. मग हळूहळू लक्षात येतं की चार जणांच्या गोष्टी एकाच जागी येऊन थांबतायत, आणि तिथे "माझं" चं "आपलं" होतं.

याच भेटींमध्ये ग्रुपचे नियम मुलांनी स्वतः लिहायचे. वेळेवर येणं, एकाने बोलताना दुसऱ्याने न हसणं, इथलं बोलणं बाहेर न सांगणं. फक्त या शेवटच्या नियमाला तुमच्याकडून एक अपवाद जोडावाच लागतो, तो पुढे सुरक्षिततेच्या भागात सांगतो.

परिसर बघायला बाहेर पडा

आता वही-पेन घेऊन शाळेच्या आजूबाजूचा भाग पायी फिरायचा. तीन-चार जणांच्या टीम, प्रत्येकीबरोबर एक मोठं माणूस, पण ते मागे चालणारं. मुलांनी नकाशा काढायचा: कुठे जायला आवडतं, कुठे भीती वाटते, कुठे मुली जात नाहीत, कुठे म्हातारी माणसं बसतात, कुठे व्हीलचेअर जाऊच शकत नाही. एकाच रस्त्याचे मुलींच्या टीमचे आणि मुलग्यांच्या टीमचे नकाशे शेजारी ठेवले की जी चर्चा होते ती कुठल्याही लेक्चरने होत नाही.

आणि फक्त काय बिघडलंय तेवढंच बघायचं नाही. कुणाकडे काय आहे तेपण लिहायचं, शिवणकाम येणाऱ्या बाई, मोकळी खोली असलेलं मंडळ, सगळ्यांना ओळखणारा दुकानदार, पूर्वी सरकारी ऑफिसात नोकरी केलेले आजोबा. पुढे अर्ज लिहायची वेळ आली की हेच आजोबा उपयोगी पडतात. आणि वस्तीत फक्त अडचणीच मोजल्या तर तिथेच राहणाऱ्या मुलांना आपल्या घराची लाज वाटायला लागते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एक विषय निवडा, आणि तो बारीक करा

फिरून आलात की भिंतीवर सगळं लिहा आणि मुलांना निवडू द्या. निवडायच्या आधी त्यांनी कसोट्या ठरवाव्यात. साधारण अशा: हे आमच्यापैकी किती जणांना भोगावं लागतं? हे बदलू शकणारं कुणी आहे का, आणि त्याच्यापर्यंत आपण पोचू शकतो का? तीन-चार महिन्यांत निदान थोडा तरी फरक दिसेल का? यात कुणाला धोका आहे का? मतदान एकदम घेऊ नका, आधी प्रत्येक विषयाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलायला लावा, मग मत घ्या, आणि जे हरले त्यांना विचारा की तुम्हाला या विषयात यायला काय लागेल. हरलेल्यांना सांभाळून घेणं हेच नेतृत्वाचं पहिलं अवघड काम आहे आणि ते मुलांनीच करायला हवं.

समजा "रस्ता सुरक्षा" निवडलं. हा विषय नाही, हे पाठ्यपुस्तकातलं प्रकरण आहे. आता का, का, का विचारत जायचं. शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडायची भीती वाटते. का? गाड्या जोरात येतात. का? वळणानंतर सरळ रस्ता आहे आणि शाळा आहे हे दिसतच नाही. का? बोर्ड झाडामागे गेलाय, पट्टे पुसलेत. पट्टे पुन्हा का नाही मारले? कुणी मागितलेच नाहीत. बघा, आता हातात धरता येईल असं काहीतरी आलं: शाळेच्या गेटसमोर पट्टे आणि दिसेल असा बोर्ड. एका वाक्यात मागणी सांगता आली नाही तर अजून बारीक करा.

इथे अजून एक फरक मुलांना समजावून सांगावा लागतो. लोकांना रस्ता ओलांडायला हात धरून मदत करणं ही सेवा, चांगलीच गोष्ट. पण पट्टे मारून घेणं म्हणजे कारणाला हात घालणं. कपडे गोळा करून वाटणं आणि कपडे का नाहीत हे विचारणं, दोन्हीला जागा आहे, पण मोठी माणसं मुलांना कायम पहिल्याच प्रकारात ठेवतात कारण त्यात कुणाला प्रश्न विचारावे लागत नाहीत. मुलांना निदान माहीत असू द्या की दुसरा प्रकार आहे.

माहिती गोळा करणं

मुलांच्या बोलण्याला मोठी माणसं "हो हो बाळांनो" म्हणून सोडून देतात, पण मुलांनी स्वतः मोजलेले आकडे असे सोडून देता येत नाहीत. म्हणून ही पायरी टाळू नका. वरच्याच उदाहरणात, शाळा भरताना आणि सुटताना पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात किती गाड्या जातात, किती मुलं ओलांडतात, किती गाड्या थांबतात, हे सलग पाच दिवस मोजायचं. दोन जणांनी वेगवेगळं मोजून आकडे जुळतात का बघायचे. फुटपाथवरूनच मोजायचं, रस्त्यात उतरायचं नाही.

लोकांना प्रश्न विचारायचे असतील तर पाच-सहाच ठेवा, आधी घरच्यांवर करून बघा. "तुम्हाला नाही का वाटत की हा रस्ता धोकादायक आहे?" असा प्रश्न विचारला तर उत्तर आपणच दिल्यासारखं होतं, त्यापेक्षा "इथून रस्ता ओलांडताना तुमचा अनुभव कसा असतो?" असं विचारा. परवानगी घेऊनच लिहायचं, नाव लिहायचं नाही, आणि कुणी नाही म्हणालं तर थँक्यू म्हणून पुढे जायचं. आकडे आपल्या मताविरुद्ध आले तरी तसेच ठेवायचे, हे मात्र तुम्ही ठामपणे सांगा. मुलांना ते पटतं, खरं तर मोठ्यांपेक्षा लवकर पटतं.

कोण हो म्हणू शकतं?

नवीन ग्रुप इथे चुकतात, पोस्टर करतात, रॅली काढतात, पण ज्याच्या सहीने काम होणार त्याला कधी भेटतच नाहीत. मोठ्या कागदावर मधोमध मागणी लिहा आणि भोवती माणसं मांडा: निर्णय कुणाच्या हातात आहे, त्याच्यावर कुणाचं वजन चालतं, आपल्या बाजूने कोण, विरुद्ध कोण, कुंपणावर कोण. "प्रशासन" असं लिहू नका, नेमका विभाग आणि नेमकं पद लिहा. ते शोधून काढायला मुलांनाच फोन करू द्या. तुम्ही फोन केलात तर दोन मिनिटांत काम होईल, मुलांना चार ऑफिसं फिरावी लागतील, पण व्यवस्था कशी चालते ते त्या चार ऑफिसांतच कळतं.

इथे मला बार्बरा जॉन्सची गोष्ट सांगायचीच आहे. १९५१ साल, अमेरिकेत व्हर्जिनियातलं फार्मव्हिल, कृष्णवर्णीय मुलांची वेगळी हायस्कूल. इमारत साधारण १८० मुलांसाठी बांधलेली आणि मुलं ४५० च्या वर, जास्तीचे वर्ग डांबरी कागदाच्या शेडमध्ये. सोळा वर्षांची बार्बरा आपल्या संगीताच्या शिक्षिकेकडे तक्रार करत होती, तर त्या म्हणाल्या, मग तू काही करत का नाहीस? तिला आधी राग आला, मग ती विचार करत राहिली. तिने गुपचूप काही मुलं जमवली, आखणी केली, आणि २३ एप्रिलला सभा बोलावून शिक्षकांना बाहेर जायला सांगून सगळ्या शाळेला संपावर नेलं. मग मुलांनी वकिलांना पत्र लिहिलं. मागणी चांगल्या इमारतीची होती, वकील म्हणाले की वेगळ्या शाळा ही पद्धतच मोडायची असेल तर आम्ही येतो, मुलांनी आणि पालकांनी हो म्हटलं. तो खटला पुढे अजून चार खटल्यांबरोबर सुप्रीम कोर्टात गेला आणि १९५४ मध्ये वंशावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरल्या. त्या पाचांत मुलांच्या संपातून सुरू झालेला हा एकच खटला.

त्या शिक्षिकेने काय केलं बघा. एक प्रश्न विचारला आणि बाजूला झाल्या. तुमचं काम बरंचसं तेच आहे. अर्थात बार्बराला त्याची किंमतपण मोजावी लागली, धमक्या आल्या आणि घरच्यांनी तिला नातेवाइकांकडे दुसऱ्या राज्यात पाठवलं. म्हणून धोक्याचा विचार मुलांबरोबर बसून आधी करायचा.

मीटिंग मुलांनी चालवायची

माझ्या मते सगळ्यात जास्त नेतृत्व इथेच शिकलं जातं, स्टेजवरच्या भाषणात नाही. दर आठवड्याला एक मीटिंग, चाळीस-पन्नास मिनिटांची, आणि प्रत्येक वेळी चालवणारा वेगळा. एक जण मीटिंग चालवणार, एक जण लिहिणार, एक जण घड्याळ बघणार. अजेंडा आदल्या दिवशी मुलांनी ठरवायचा. शेवटची पाच मिनिटं फक्त एवढ्यासाठी: कुणी, काय, कधीपर्यंत करायचं. हे वहीत लिहिलं गेलं नाही तर मीटिंग झाली नाही असं धरा.

तुम्ही कुठे बसायचं? गोलात बसा, पण चालवणाऱ्याच्या समोर नको, कारण तो प्रत्येक वाक्यानंतर तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. कुणी "मॅडम, काय करूया?" विचारलं की "तुझं काय मत आहे? अजून कुणाला विचारलंस?" एवढंच म्हणा. शांतता पडली तर पडू दे. नवीन माणसाला ती शांतता सहन होत नाही आणि तो बोलून टाकतो, पण थोडा वेळ थांबलात तर कुणीतरी मूल बोलतंच आणि बहुतेक वेळा ते आधी कधी न बोललेलं मूल असतं.

कामं फिरती ठेवा, नाहीतर अक्षर चांगलं म्हणून मुलीच लिहीत बसतात आणि बोलायला मुलगे पुढे. लाजऱ्या मुलाला एकदम भाषणाला उभं करू नका, आधी आकडे वाचून दाखवायला सांगा, मग ते आकडे कसे मिळाले ते सांगायला, मग प्रश्नांना उत्तरं द्यायला. आणि नेता म्हणजे बोलणारा हे मुलांच्या डोक्यातून काढा. हिशोब चोख ठेवणारी, भांडण मिटवणारा, न आलेल्याच्या घरी जाऊन चौकशी करणारी, हे सगळे नेतेच आहेत आणि ते तसं त्यांच्या तोंडावर म्हणून दाखवा.

पैशाची वही पण मुलांकडेच. दोन जणांची सही, प्रत्येक खर्चाची पावती, दर मीटिंगला शिल्लक मोठ्याने वाचायची.

प्रत्यक्ष भेट आणि कृती

अर्ज एका पानाचा: आम्ही कोण, काय बघितलं, आकडे काय सांगतात, काय हवंय, कधीपर्यंत उत्तर हवंय. दोन प्रती घेऊन जा आणि एका प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. ही सवय मुलांना आयुष्यभर पुरते.

भेटायला जायच्या आधी तालीम हवीच. एका मुलाला अधिकारी करा आणि त्याला सगळे नेहमीचे डाव खेळू द्या. "हे आमच्या विभागाचं नाही." "बजेट नाही." "अभ्यासाकडे लक्ष द्या." "छान काम करताय, आपण फोटो काढू." या चौथ्याची तालीम सगळ्यात जास्त लागते, कारण मुलं खूश होऊन बाहेर येतात आणि मग लक्षात येतं की उत्तर मिळालंच नाही. फोटोच्या आधी "साहेब, मग आम्ही परत कधी येऊ?" हे विचारायला एकाची नेमणूक करून ठेवा. अधिकाऱ्याने तुमच्याकडे बघून बोलायला सुरुवात केली तर तुम्ही मुलांकडे बघा, तो पण बघायला लागतो. लॉरा लंडी या बेलफास्टच्या प्राध्यापिकेने २००७ मध्ये मुलांच्या मतासाठी चार गोष्टी लागतात असं मांडलं, बोलायला जागा, बोलायला मदत, ऐकणारं माणूस आणि ऐकल्याचा काही परिणाम. भेटीनंतर मुलांनी याच चार प्रश्नांवर भेट तपासावी, बहुतेक भेटी पहिल्या तीनांत पास आणि चौथ्यात नापास होतात, मग फॉलोअप कशासाठी करायचा ते आपोआप कळतं.

जे आपल्या हातात आहे ते वाट न बघता करून टाका, पण छोटं. सगळ्या रस्त्याऐवजी एक आठवडा, एका गेटवर, पालकांच्या मदतीने. जमलं तर वाढवा.

सुरक्षितता, यात तडजोड नाही

पालकांची लेखी परवानगी, आणि मुलाची स्वतःची पण संमती. बाहेर जाताना निदान दोन मोठी माणसं. कुठल्याही मोठ्या माणसाने एका मुलाला एकट्याला बंद खोलीत भेटायचं नाही, वैयक्तिक चॅट नाही, जे काय ते ग्रुपवर आणि ग्रुपमध्ये पालक किंवा दुसरे शिक्षक हवेत. फोटो टाकायच्या आधी विचारा, पूर्ण नाव, शाळा आणि चेहरा एकत्र टाकू नका, घराचं लोकेशन कधीच नाही. ऑनलाइन शिव्या येऊ शकतात हे आधी सांगून ठेवा आणि आल्या तर उत्तर मुलांनी द्यायचं नाही.

आता तो अपवाद. गोष्टी सांगताना एखादं मूल स्वतःवर होणाऱ्या अत्याचाराबद्दल बोलू शकतं. "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. पहिल्याच दिवशी सांगा की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण कुणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर मला योग्य माणसाला सांगावंच लागेल. तसं काही कळलं तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, तू सांगितलंस ते बरं केलंस म्हणा, आणि तुमच्या भागातल्या कायद्यात सांगितलंय तिथे त्याच दिवशी कळवा. कुणाला कळवायचं ते ग्रुप सुरू व्हायच्या आधी शोधून फोन नंबर जवळ ठेवा.

दारू, गुन्हेगारी, जमिनीचे वाद असल्या विषयात मुलांना पुढे उभं करू नका, त्यांना कितीही वाटलं तरी. इथे मुलांनी माहिती आणि मागणी तयार करावी आणि समोर मोठ्यांनी जावं. हे तुमच्या दुसऱ्या यादीतलं आहे.

उशीर होतो, नकार येतो

बालीमधल्या मेलाती आणि इसाबेल वाइसन या बहिणींनी प्लॅस्टिक पिशव्यांविरुद्ध काम सुरू केलं तेव्हा २०१३ होतं, एक १२ वर्षांची आणि एक १० ची. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर तिथे बंदी लागू व्हायला २०१९ उजाडलं. मुलांना हे सुरुवातीलाच सांगा, म्हणजे तीन महिन्यांत काही झालं नाही तर त्यांना आपणच कमी पडलो असं वाटणार नाही. आणि त्याचबरोबर छोटे विजय मोजायला शिकवा: अर्जाची पोच मिळाली, पहिल्यांदा साहेबांनी नाव विचारलं, एक बोर्ड दिसायला लागला.

प्रत्येक कृतीनंतर अर्धा तास तीन प्रश्नांसाठी काढा. काय झालं? त्यावरून काय कळलं? आता पुढे काय? सगळे थकलेले असतात आणि हे राहून जातं, पण याशिवाय नुसता इव्हेंट होतो. १९७८ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या चाइल्ड-टू-चाइल्ड पद्धतीत, म्हणजे मुलांनीच दुसऱ्या मुलांना आणि घरच्यांना आरोग्याच्या गोष्टी शिकवायच्या पद्धतीत, पण मुलं काम करून थांबत नाहीत, काय झालं ते तपासतात आणि तेच काम आणखी चांगलं कसं होईल ते बघतात. २००९ मध्ये अहमदाबादच्या रिव्हरसाइड शाळेतून सुरू झालेल्या डिझाइन फॉर चेंज या उपक्रमाच्या पायऱ्या अगदी सोप्या आहेत: जाणवणं, कल्पना करणं, करणं, आणि इतरांना सांगणं. नवीन ग्रुपला कागदावर सांगाडा हवा असेल तर यापैकी कुठलाही चालतो.

मुलांमध्ये भांडणं होतील, कुणीतरी ग्रुप सोडेल. लगेच मध्ये पडू नका. जोपर्यंत कुणाला त्रास दिला जात नाहीये तोपर्यंत ते त्यांनीच मीटिंगमध्ये घ्यायचं. सोडून गेलेल्याला का गेलास ते विचारायला ग्रुपमधल्याच कुणीतरी जावं, त्यातून बऱ्याचदा कळतं की तीनच जण सगळं ठरवत होते.

दुसऱ्या वर्षासाठी

वर्ष संपायच्या दोन महिने आधी खालच्या वर्गातली मुलं ग्रुपमध्ये घ्या. प्रत्येक जुन्या मुलाबरोबर एक नवीन, आणि जुन्याने काम करायचं नाही, शिकवायचं. एक जाड वही ठेवा, तिच्यात कुठल्या ऑफिसात कुणाला भेटायचं, कुठला अर्ज कधी दिला, पोच कुठे आहे, कुठल्या दिवशी साहेब भेटतात, काय जमलं नाही आणि का, हे सगळं मुलांच्याच शब्दांत. तुमचा फोन नंबर या वहीत शेवटी लिहा, पहिल्या पानावर नको. आणि दुसऱ्या वर्षी महिन्यातून एक मीटिंग अशी ठेवा जिला तुम्ही आत बसत नाही, दाराबाहेर थांबता, फक्त नंतर वही वाचता. सुरुवातीला त्या मीटिंगमध्ये गोंधळ होईल, निम्मी मुलं उशिरा येतील, अजेंडा अर्धाच होईल. तरी पुढच्या महिन्यात परत बाहेरच थांबा.